वाचकांचे प्रश्न : साथीचे आकडे जुळत नाहीत तेव्हा

प्रश्न : ताई, आम्ही काही मित्रमैत्रिणी कोविडपासून प्रांतवार केसेस आणि मृत्यूंचा एक तक्ता ठेवतोय. एक जण सकाळी आरोग्य खात्याचं बुलेटिन बघून आकडा टाकतो, दुसरी रात्री न्यूज चॅनेल बघून तोच आकडा बदलते आणि मग वाद होतात. त्यात सगळ्या प्रांतांची बेरीज केली तर देशाच्या आकड्याशी जुळत नाही. बरोबर कोणाचं धरायचं?

उत्तर : दोघांचंही बरोबर असू शकतं. वाद होतोय कारण आकड्याशेजारी "कधीपर्यंतचा" हे कोणी लिहिलेलं नाही. तुम्ही तक्त्यात कधी टाकला ती वेळ नाही हं, बुलेटिन कितीपर्यंतची नोंद धरून बनलंय ती वेळ. सकाळी 8 पर्यंतचा आकडा आणि रात्री 8 पर्यंतचा आकडा हे दोन वेगळे आकडे आहेत, त्यातला एक चूक असं नाही. म्हणून आधी प्रत्येक प्रांतासाठी एकच सोर्स ठरवा, शक्यतो तिथल्या आरोग्य खात्याचाच, आणि तो तक्त्यात लिहून ठेवा. चॅनेलवाला आकडा लवकर येतो पण तो कुठून उचलला ते बहुतेक वेळा कळत नाही, त्यामुळे रात्री तो बघून ओळ बदलायची सवय आजच बंद करा.

आता बेरजेचं. ती न जुळण्याला खरी कारणं असतात. माणूस राहतो एका जिल्ह्यात, टेस्ट दुसऱ्या जिल्ह्यात, ॲडमिट तिसरीकडे, मग केस कोणाच्या खात्यात? महाराष्ट्राच्या बुलेटिनमध्ये इतर राज्यांतल्या पेशंटसाठी वेगळी ओळच असायची. 2020 मध्ये केंद्राच्या यादीत कुठल्याच राज्याच्या नावावर न पडलेल्या केसेस बराच काळ खाली वेगळ्या दाखवल्या जायच्या. तुम्हीही तसंच करा, "वाटप बाकी" म्हणून एक ओळ ठेवा आणि फरक तिथे उघड दिसू दे. जुळवायचं म्हणून एखाद्या प्रांतात पाच-दहा केसेस ढकलू नका, ते एकदा केलं की नंतर कुठे काय घुसवलं होतं हे कोणालाच सापडत नाही.

प्रश्न : आमच्या ग्राफवर एका दिवशी मृत्यूंचा एकदम सुळका दिसतो आणि एका देशाचा आकडा तर चक्क रातोरात कमी झाला. हे लपवाछपवीचं लक्षण आहे का?

उत्तर : लगेच तसं समजू नका. बऱ्याचदा ते आधीची चूक सुधारल्याचं लक्षण असतं, आणि सुधारणाऱ्याला शिव्या घालत बसलो तर पुढच्या वेळी कोणी सुधारणारच नाही, हे मला फार मनापासून वाटतं.

सुळक्याचं उदाहरण भारतातलंच आहे. जून 2021 मध्ये बिहारने पडताळणी करून आधी न मोजलेले 3,951 मृत्यू एकदम यादीत घातले आणि 10 जूनला देशाचा "एका दिवसातला" आकडा 6,148 दिसला. त्या दिवशी एवढी माणसं गेली नव्हती, ती आधीच गेली होती, नोंद त्या दिवशी झाली. इथे दोन तारखा वेगळ्या ठेवाव्या लागतात, मृत्यू झाला ती आणि तो जाहीर झाला ती. आज जाहीर केलेल्या मृत्यूंपैकी गेल्या 48 तासांतले किती, आठवड्यातले किती आणि त्याहून जुने किती, हे महाराष्ट्राच्या बुलेटिनमध्ये येत असे, आणि मला ती ओळ सगळ्यात मोलाची वाटायची. अशी फोड मिळत असेल तर घ्याच. मिळत नसेल तर सुळका पुसू नका, पसरवून सपाटही करू नका, शेजारी टीप टाका की हा बॅकलॉग आहे, म्हणजे मागची राहिलेली नोंद. आणि मृत्यूच्या तारखेवरून ग्राफ काढलात तर शेवटचे काही दिवस नेहमी खाली झुकलेले दिसतात, कारण तेव्हाचे मृत्यू अजून पोचायचे असतात, ते दिवस फिकट रंगात दाखवून "अपूर्ण" लिहा नाहीतर लोकांना साथ ओसरली असं वाटतं.

आकडा कमी होण्याचं उदाहरण ब्रिटनचं. 12 ऑगस्ट 2020 ला तिथला एकूण आकडा 46,706 वरून 41,329 वर आला. कोणी काही पुसलं नव्हतं. तोवर इंग्लंडमध्ये एकदा पॉझिटिव्ह आलेला माणूस पुढे कधीही, कशानेही गेला तरी तो कोविडच्या मृत्यूत धरला जायचा, मग टेस्टनंतर 28 दिवसांच्या आतले मृत्यू धरायचं ठरलं. पेरूमध्ये उलटं झालं, तज्ज्ञांनी व्याख्या रुंद केली आणि 31 मे 2021 ला आकडा 69,342 वरून थेट 1,80,764 झाला. वुहाननेही 17 एप्रिल 2020 ला 1,290 मृत्यू वाढवून एकूण 3,869 केले. म्हणजे "मृत्यू" या कॉलमखाली कोणती व्याख्या आहे हे न लिहिता दोन प्रांत शेजारी ठेवून कोण जास्त वाईट हे ठरवणं अन्यायाचं आहे. व्याख्या बदलली की नवा आकडा घ्या, पण जुना, बदलाची तारीख आणि कारण हे तिन्ही जपून ठेवा.

व्याख्या हा फक्त हिशोबाचा विषयही नाही. भारतात 2021 मध्ये कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना 50,000 रुपये मदत ठरली, तेव्हा टेस्टनंतर 30 दिवसांच्या आतला मृत्यू धरायचा असा नियम आला, आणि कोणाचा माणूस यादीत आहे नि कोणाचा नाही यावर ती मदत अवलंबून राहिली. केरळने त्यानंतर जुने मृत्यू शोधून यादीत घेतले.

प्रश्न : टाइप करताना आमच्याकडूनच चूक होत असेल तर ओळखायची कशी?

उत्तर : एकूण आकडा कालच्यापेक्षा कमी झालाय का, रोजच्या वाढीत एक शून्य जास्त पडलंय का, शेजारच्या ओळीचा आकडा इथे आलाय का, एवढं दुसऱ्या माणसाने बघायचं, टाकणाऱ्याने स्वतः नाही. आणि सॉफ्टवेअरवर डोळे मिटून विश्वास नको. इंग्लंडमध्ये 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर 2020 दरम्यानच्या 15,841 केसेस रोजच्या आकड्यांत आल्याच नाहीत, कारण लॅबची माहिती एक्सेलच्या जुन्या फॉरमॅटमध्ये भरली जात होती, त्यात 65,536 च्या वर ओळी मावत नाहीत आणि उरलेलं गुपचूप गळून गेलं. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायचं काम त्यामुळे लांबलं, हे त्यातलं खरं नुकसान. म्हणून फाइलमध्ये किती ओळी गेल्या आणि किती आल्या हे मोजाच.

प्रश्न : "बरे झालेले" आणि "ॲक्टिव्ह" हे कॉलम ठेवावेत का?

उत्तर : जिथे सरकार देतं तिथेच ठेवा. ब्रिटन, नेदरलँड्ससारखे देश बरे झालेल्यांचा आकडा देतच नव्हते, तिथे वजाबाकी करून काढलेला ॲक्टिव्ह आकडा निव्वळ खोटा ठरतो.

प्रश्न : मग खरा आकडा कोणता? जागतिक आरोग्य संघटनेचा तर कितीतरी मोठा आहे.

उत्तर : तो वेगळ्या गोष्टीचा आकडा आहे. संघटनेने मे 2022 मध्ये अंदाज दिला की 2020 आणि 2021 मिळून जगात नेहमीपेक्षा सुमारे 1 कोटी 49 लाख मृत्यू जास्त झाले, आणि देशांनी जाहीर केलेले कोविड मृत्यू होते साधारण 54 लाख. जास्तीच्या मृत्यूंत टेस्ट न होता गेलेलेही येतात आणि हॉस्पिटलं भरल्यामुळे दुसऱ्या आजाराचे उपचार न मिळालेलेही येतात. भारत सरकारने या अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला होता, तेही टिपेत लिहा. हा अंदाज हवा असेल तर स्वतंत्र कॉलममध्ये ठेवा, जाहीर आकड्यात मिसळू नका. पण ठेवा जरूर, कारण जिथे टेस्ट कमी आणि मृत्यूची नोंदणी अर्धवट, तिथलं दुःख जाहीर आकड्यात दिसतच नाही.

प्रश्न : आता बुलेटिनच येत नाहीत, तर तक्ता बंद करायचा का?

उत्तर : अपडेट थांबवायला हरकत नाही. जगभरचे आकडे एकत्र दाखवणारा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा डॅशबोर्डसुद्धा 10 मार्च 2023 ला थांबला. फक्त प्रत्येक प्रांतापुढे शेवटची नोंद कोणत्या तारखेची ते लिहा, आणि त्यानंतरच्या रकान्यांत शून्य टाकू नका, ते रिकामे ठेवा. तिथे कोणी आजारी पडलं नाही असं नाही, कोणी मोजलं नाही.