ऑनलाइन कुणाशी ओळख करून घ्यायची म्हटलं की फार संकोच वाटतो. मेसेज लिहिते आणि खोडून टाकते. ही भीड कशी घालवावी?

लिहून खोडता, म्हणजे तुम्हाला बोलायचं नक्की आहे. घोडं अडतं ते पाठवण्यापाशी. मीही मुळात बुजरा, अजूनही आहे. त्यामुळे 'बिनधास्त पाठव, काय होतंय' या सल्ल्याचा काडीचाही उपयोग होत नाही हे मला पुरेपूर ठाऊक आहे. मला फरक पडला तो मेसेजमधला 'मी' कमी करून त्यात विषय घातल्यावर.

बुजऱ्या माणसाचा पहिला मेसेज साधारण असा असतो: "नमस्कार, त्रास देत असेन तर माफ करा. तुमचे फोटो बरेच दिवस बघतेय, खूप आवडतात. वेळ असेल तर बोलता येईल का?" नम्र आहे, वावगं काहीच नाही. पण समोरच्याच्या जागी बसून वाचा. कशाबद्दल बोलायचंय? किती वेळ? हो म्हटलं तर पुढे काय गळ्यात पडेल? काय उत्तर द्यावं ते सुचत नाही म्हणून तो माणूस 'नंतर बघू' म्हणतो आणि विसरतो. इकडे आपली समजूत अशी, की आपण त्याला नकोसे झालो.

आता हा बघा: "तुम्ही दुरुस्त केलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचे फोटो पाहिले. माझ्याकडच्या कॅमेऱ्याचं शटर एक सेकंदावर ठेवलं की मध्येच अडकतं, जास्त वेगाला मात्र नीट चालतं. जुनं तेल घट्ट झाल्यामुळे असं होतं, की स्प्रिंग बघायला हवी?"

माफी नाही, मैत्रीची मागणी नाही. तेल आणि स्प्रिंग, बस्स. कॅमेरे उघडून बसणाऱ्या माणसाला यावर गप्प राहणं जड जातं आणि दोन ओळींत उत्तर देऊन मोकळंही होता येतं. तुमचा विषय विणकाम असेल, बुद्धिबळ असेल, गणित असेल. प्रश्न इतका नेमका हवा. उत्तर आलं की सांगितलेलं करून बघा आणि काय झालं ते कळवा. 'तेल साफ केलं, आता चालतंय' एवढं पुरे. हा दुसरा मेसेज फार थोडे लोक पाठवतात, आणि माझ्या मते खरी ओळख त्यानेच होते. पहिल्या मेसेजने फक्त काम होतं.

एक बारीकशी युक्ती. चॅटच्या चौकटीत लिहू नका. तिथे समोरच्याला 'टायपिंग…' दिसत असेल या विचारानेच बोटं थिजतात. फोनच्या नोट्समध्ये लिहा, एकदा वाचा, कॉपी करून चिकटवा आणि पाठवा. दुसऱ्यांदा वाचायचं नाही. दुसऱ्या वाचनात आपण शुद्धलेखन तपासत नसतो, स्वतःला तपासत असतो.

ग्रुपमध्ये असाल तर त्याहून सोपं: कुणीतरी विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येत असेल तर देऊन टाका. मदत करणाऱ्याकडे कुणी परीक्षकाच्या नजरेने बघत नाही.

आता उत्तर न येण्याचं. जीव टांगणीला लागतो तो इथे. दोन निळ्या टिका दिसतात, म्हणजे वाचलंय, मग उत्तर का नाही? व्हॉट्सॲपवर 'रीड रिसीट' बंद करता येते. मग दुसऱ्यांच्या निळ्या टिकाही आपल्याला दिसत नाहीत (ग्रुपमध्ये मात्र हे लागू होत नाही). बऱ्याच जणांना तो तोटा वाटतो, माझ्या दृष्टीने तोच फायदा. आणि उत्तर आलं पण नुसतं 'ओके' आलं, तर त्यात राग शोधू नका. लिहिलेल्या शब्दांतून सूर कळणं भलतं अवघड असतं. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ईमेलमधलं वाक्य सरळ आहे की तिरकस, हे ओळखणं वाचणाऱ्यांना जेमतेम नाणेफेकीइतकंच जमलं होतं. लिहिणाऱ्यांना मात्र आपला सूर सहज पोचेल अशी खात्री होती.

दुसरा एक अभ्यास 2018 चा. अनोळखी लोकांना गप्पा मारायला लावल्या आणि नंतर प्रत्येकाला विचारलं, समोरच्याला तुम्ही किती आवडलात? लोकांनी जो अंदाज केला, त्यापेक्षा ते प्रत्यक्षात जास्त आवडले होते. लाजाळू माणसांचा अंदाज तर आणखीच चुकला. गप्पा समोरासमोरच्या होत्या हे खरं, पण ऑनलाइन आपला अंदाज अचानक अचूक होत असेल असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

सगळाच संकोच घालवायचा नाही, हेही सांगतो. अनोळखी माणूस लगेच फारच गोड बोलू लागला, पत्ता किंवा फोटो मागू लागला, पैशाची अडचण सांगू लागला, तर तिथे बुजरेपणा कामाचा आहे. उत्तर न देता ब्लॉक करा, खुलासा द्यायची गरज नाही.

आणि हा त्रास फक्त ऑनलाइन नसेल, म्हणजे फोन उचलताना, दुकानात काही विचारतानाही छातीत धडधडत असेल आणि त्यापायी कामं अडत असतील, तर समुपदेशकाला भेटा. सामाजिक भीतीवर उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो.

राहता राहिला एक प्रश्न, जो ओळख झाल्यावर हमखास येतो: "कॉल करूया का?" नको वाटत असेल तर "मला लिहून बोलणं बरं पडतं" असं सरळ सांगा. मी हेच सांगतो. बहुतेक जण "बरं" म्हणतात आणि लिहीत राहतात. काहींना तर हायसं वाटलेलं कळतं, कारण त्यांनाही कॉल नकोच असतो, फक्त विचारायला हवं म्हणून विचारलेलं असतं.