नोकरी सोडणं आणि पियानोचं कर्ज, दोन्ही एकाच वर्षी नको

प्रश्न थोडक्यात: टिळकवाडी, बेळगाव. शाळेत संगीत शिक्षिका, पगार २४,००० रुपये. संध्याकाळी पियानोचे ११ विद्यार्थी, प्रत्येकी महिना १,४०० रुपये. शिकवणी ६१ कीजच्या कीबोर्डवर. घरखर्चातला वाटा २१,०००, मुदत ठेव २,८०,०००. नोकरी सोडून कादंबरी पूर्ण करायची आहे. त्याच वेळी ३ लाखांचं कर्ज काढून ३,६०,००० चा अपराइट (उभ्या पेटीचा, तारांचा) पियानो घेऊ का?

कर्ज काढू नका. नोकरी सोडता येईल, पण आज नाही.

एप्रिल-मेमध्ये मुलं गावाला जातात, म्हणून शिकवणीचं उत्पन्न दहाच महिन्यांचं धरा: १,५४,०००. वर्षाचा खर्च २,५२,०००. म्हणजे पगार थांबला की ९८,००० ची तूट आलीच. त्यावर १२ टक्के दराने पाच वर्षांसाठी ३ लाखांचा हप्ता ६,६७३, वर्षाला ८०,०००. ठेवीतले साठ हजार पियानोत गेल्यावर उरतात २,२०,०००. ते पंधराव्या महिन्यात संपतील. तोवर कादंबरीचा दुसरा खर्डा झाला तरी खूप.

हप्ता कादंबरीवर तर सोडूच नका. ३५० रुपयांच्या हजार प्रती आणि १० टक्के रॉयल्टी धरली, तर सगळ्या प्रती खपल्यावर हाती ३५,०००, तेही दोन-तीन वर्षांत. कडोली, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत स्वतः प्रती विकल्यात तर थोडी भर पडेल. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या प्रकाशकांना मात्र ठेव दाखवू नका.

मुलांची शिकवणी चार ते आठ, तुमचं लेखन सकाळी. दोघांचं भांडण नाही. मध्ये येते ती शाळा. आरोग्य विमा आणि बचतीचे ३,००० धरून महिना २४,००० लागतील, वर्षाला २,८८,०००. दहा महिन्यांत ते मिळवायला २१ विद्यार्थी हवेत. आठवड्याला प्रत्येकी ४५ मिनिटं म्हणजे पावणेसोळा तास, चार संध्याकाळी. तेव्हा विद्यार्थी १६ झाले की शाळेकडे अर्धवेळ काम मागा, २१ वर राजीनामा द्या.

वाद्य मात्र आत्ताच बदला. ग्रेड परीक्षा (पियानोच्या टप्प्याटप्प्याच्या परीक्षा) देणाऱ्या मुलांना ६१ कीज पुरत नाहीत, आणि हलक्या कीजवर बोटांत जोर येत नाही. ८८ वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) कीज आणि हॅमर ॲक्शन (कीमागे हातोडीसारखी यंत्रणा) असलेला डिजिटल पियानो ठेवीतून ७०,००० पर्यंत घ्या. रेकॉर्डिंग पाठवून द्यायच्या ग्रेड परीक्षांना तो चालतो. ठेवीत २,१०,००० राहतील, म्हणजे बरोबर दहा महिन्यांचा घरखर्च. त्याला हात नको.

अपराइटचा खर्च किमतीवर थांबत नाही. बेळगावच्या पावसात साउंडबोर्ड (तारांमागची लाकडी फळी) फुगून सूर चढतो, फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत उतरतो. वर्षातून दोनदा ट्यूनिंग लागतं. ट्यूनर पुण्याहून किंवा गोव्याहून आला तर प्रवासखर्च वेगळा. पुढे कधी जुना घेतलात तर तारांवरचा गंज पाहा, आणि ट्यूनिंग पिना (तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या) सैल नाहीत ना हे ट्यूनरकडून तपासून घ्या. पिनब्लॉक (त्या पिना धरून ठेवणारा लाकडी ठोकळा) तडकला असेल तर सूर टिकत नाही आणि दुरुस्ती परवडत नाही. शिवाय वजन २०० किलोच्या वर, जिना आधी मोजा.

कराची धास्ती नको. लेखकांच्या रॉयल्टीवरची ३ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्यच आहे, त्यामुळे तुम्हाला त्या वजावटीचा उपयोग नाही. प्रकाशकाने १० टक्के टीडीएस कापला, तर विवरणपत्र भरून तो परत घ्या.