पत्राच्या शेवटच्या ओळीतली आजी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ग्रेट डेन घ्यावा की जर्मन शेफर्ड, हे विचारताना तू सहा वर्षांच्या लेकीबद्दल पानभर लिहिलंस, स्वतःच्या कामाच्या वेळा लिहिल्यास, आणि अगदी शेवटी, जाता जाता, 'आजी दिवसभर घरीच असते, काठी घेऊन चालते' एवढंच. माझं लक्ष त्या ओळीवरच अडलं. सकाळी तुम्ही सगळे बाहेर पडलात की कुत्रा कोणाचा? आजींचा. तेव्हा विचार तिथूनच सुरू करू.

मी दोन्ही पाळले आहेत. डेनवर माझा जीव जास्त होता, हे आधीच सांगतो. नावात डेन असलं तरी ही जात जर्मनीची, रानडुकरांच्या शिकारीसाठी घडवलेली. नर खांद्यापाशी 80 सेंटीमीटर तरी भरतो आणि वजन साठ किलोच्या सहज पुढे जातं. पण घरात वागायला गरीब गाय. माया दाखवायची त्याची रीत एकच, अंग टेकून उभं राहायचं. एकदा माझी आई खिडकीपाशी उभी होती. तो आला, हळूच वळला आणि सगळा भार तिच्या मांडीवर टाकून उभा राहिला. तिचा एक हात गजावर, दुसरा त्याच्या मानेवर, आणि पाय फरशीवरून सरकत चाललेले. मी धावत जाऊन तिला धरलं. तो मात्र सुखानं डोळे मिटून तसाच. त्याची काही चूक नव्हती. पण आईच्या हाताशी गज नसता तर?

दुसरी गोष्ट त्याच्या पोटाची. डेनची छाती खोल असते, आणि पोट फुगून त्याला पीळ बसण्याचा धोका या जातीत सर्वांत जास्त मानला जातो. कुत्रा अस्वस्थ फिरतो, लाळ गाळतो, ओकारी काढतो पण बाहेर काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताणलेलं लागतं. अशा वेळी उद्या सकाळी बघू म्हणायचं नसतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा हाती लागत नाही. नसबंदीच्या वेळीच पोट आतून बरगडीच्या बाजूला टाके घालून बसवता येतं, त्यानं पीळ बसण्याचा धोका खूप कमी होतो. पण भर दुपारी हे झालं तर आजींनी साठ किलोचं जनावर गाडीत कसं घालायचं? आणि आयुष्य साधारण आठ ते दहा वर्षांचं. तुझी लेक ऐन पंधराव्या-सोळाव्या वर्षात असताना तो जाईल. यासाठी डेन घेऊच नये असं मी कधी म्हणणार नाही, मी स्वतः घेतला होता. फक्त ठाऊक असू दे.

शेफर्ड हा वेगळाच प्राणी. 1899 मध्ये मॅक्स फॉन स्टेफानिट्झ यांनी मेंढपाळांच्या कुत्र्यांमधून या जातीची रीतसर बांधणी सुरू केली आणि काम हाच तिचा निकष ठेवला. ते काम अजून त्याच्या अंगात आहे. काम दिलं नाहीत तर तो स्वतः शोधतो: दारावरच्या प्रत्येक चाहुलीवर भुंकणं, धावणाऱ्या मुलांना घेरणं, त्यांच्या टाचा धरू बघणं. मुलं रडतात, कुत्रा बदनाम होतो. चूक असते ती त्याला रिकामा ठेवणाऱ्याची. रोज तासभर चालणं आणि वर डोक्याला खुराक, म्हणजे वास घेऊन वस्तू शोधणं, थांब म्हटल्यावर थांबणं, एवढं हवंच. केस बारा महिने गळतात, त्याला इलाज नाही.

पण तो माणसावर नजर ठेवून असतो. माझी शेफर्ड कुत्री आई न्हाणीघरात गेली की दाराबाहेर आडवी पडायची आणि कडी वाजली की उठून तिला वाट करून द्यायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून तुझ्या घरासाठी माझं मत शेफर्डच्या बाजूनं, आणि त्यातही मादी. बावीस ते बत्तीस किलोची, नरापेक्षा आटोपशीर. पिल्लू मात्र नको. दातांना शिवशिवी सुटलेलं पिल्लू आणि काठी एका खोलीत नकोत. दोन-तीन वर्षांची, स्वभाव कळलेली, मुलांची सवय असलेली कुत्री शोध. तिच्या कमरेच्या सांध्यांचे एक्सरे माग. या जातीत तो सांधा सैल असण्याचा दोष पिढीजात येतो, आणि विकणारा टाळाटाळ करू लागला तर तिथून नीघ. भडक, सतत ताणात असलेल्या वंशातली कुत्री दिसायला रुबाबदार असली तरी घेऊ नकोस.

यात अट तुझ्यासाठी आहे. पहाटेचा तास तुझा, आजींचा नाही. पट्टा त्यांच्या हातात कधीही द्यायचा नाही. कुत्रा आणायच्या आधी महिनाभर त्या वेळेला एकटा चालून ये. पंधराव्या दिवशी कंटाळलास तर मला तसं लिही, आपण दोन्ही जाती बाजूला ठेवून एखादा लहान चणीचा, शांत, वयस्क कुत्रा बघू. त्यात कमीपणा काहीच नाही.

बघायला जाशील तेव्हा आजींना बरोबर ने. त्यांना खुर्चीवर बसव, काठी शेजारी टेकवून ठेव, आणि तू चार पावलं लांब उभा राहा. कुत्री काठीला बिचकते का, अंगावर झेपावते का, की वास घेऊन शेजारी बसते, ते नीट बघ. आणि घरी आल्यावर आधी आजी काय म्हणतात ते लिही, मग तुझं.

तुझा,
काका