वेबसाइट देखणी आहे, मग चौकशी का येत नाही?

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे. गेल्या वर्षी वेबसाइट करून घेतली. बघणारा प्रत्येक जण कौतुक करतो, पण घाऊक व्यापाऱ्याची एकही चौकशी आली नाही. सगळं डिझाइन बदलून घ्यावं का?
— एक मिलचालक, जळगाव

उत्तर : डिझाइनला आत्ताच हात लावू नका. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून स्वतःचाच फॉर्म भरा आणि तो तुमच्यापर्यंत पोहोचतो का ते पाहा. पुष्कळदा चौकशी आलेली असते, पण स्पॅममध्ये पडून राहते. फॉर्मचा मेल ग्राहकाच्याच पत्त्यावरून निघाला असं दाखवलं जातं. निघतो मात्र तुमच्या सर्व्हरवरून. अशा मेलला जीमेल खोटा समजतं. पाठवणारा पत्ता तुमच्या डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा ठेवा आणि ग्राहकाचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये, म्हणजे उत्तर कुठे जावं त्या रकान्यात टाका.

फॉर्म पोहोचत असेल, तर वेबसाइट फोनवर उघडा. बोट न सरकवता जेवढं दिसतं, तेवढ्यातच व्यापाऱ्याला कळलं पाहिजे की कोणती डाळ आहे, कोणत्या पॅकिंगमध्ये आहे आणि भाव कुठे विचारायचा. 'आपले हार्दिक स्वागत' आणि मिलच्या इमारतीचा फोटो यांतून त्याला काहीच मिळत नाही. तिथे लिहा : 'फटका तूरडाळ, हरभराडाळ, मूगडाळ. 30 आणि 50 किलोचे कट्टे. माल थेट जळगावच्या मिलमधून.' खाली एकच ठळक बटण द्या, 'आजचा भाव विचारा'. भावाचा आकडा छापू नका. तो रोज हलतो, आणि जुना आकडा धरून बोलणाऱ्या गिऱ्हाइकाशी व्यवहार जुळत नाही.

हे बटण व्हॉट्सअ‍ॅपला जोडा. लिंकमध्ये नंबर लिहिताना 91 आणि लगेच दहा आकडी नंबर, एवढंच हवं. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य किंवा मधल्या रेघा नकोत. सोबत तयार मजकूर भरून ठेवा : 'तूरडाळीचा भाव हवा आहे. कट्टे : … गाव : …' व्यापाऱ्याला दोनच शब्द टाकावे लागतात आणि तुम्हाला गाडीभाड्याचा हिशोब लगेच मांडता येतो. फोन नंबर चित्रात छापलेला असेल तर तो काढून साध्या मजकुरात टाइप करा. चित्रातल्या नंबरवर बोट ठेवलं तर फोन लागत नाही.

सरकत्या फोटोंची पट्टी काढून टाका. दुसऱ्या फोटोपर्यंत फारसं कुणी थांबत नाही, पण सगळ्याच फोटोंचं ओझं पानावर पडतं. कॅमेऱ्यातला 4 एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी 1200 पिक्सेल करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवला तर तो बहुधा 150 केबीच्या आसपास येतो. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं माप आहे. पहिल्या फोटोला 'लेझी लोडिंग', म्हणजे फोटो दिसायची वेळ आल्यावरच तो उतरवण्याची सोय, लावू नका. सगळ्या फोटोंना ते सरसकट लावलं जातं आणि नेमका वरचाच फोटो उशिरा उमटतो.

शेवटी मोजणी, म्हणजे वेबसाइटवर किती जण येतात आणि काय दाबतात ते पाहणं. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये व्हॉट्सअ‍ॅप लिंकवरची क्लिक बाहेरची लिंक म्हणून नोंदली जाते, फोनच्या बटणावरची मात्र आपोआप नोंदत नाही. ती नोंद गूगलच्याच टॅग मॅनेजर या साधनातून बसवा. किती लोक आले यापेक्षा किती जणांनी भाव विचारला, हा आकडा दर सोमवारी वहीत लिहा.

प्रश्न : आमचा बचतगट उडदाचे पापड आणि ज्वारीचे बिबडे करतो. वेबसाइट मराठीत ठेवावी की हिंदीत?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : बिबड्यांची आठवण काढणारं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत गेलेलं खान्देशी माणूसच आहे, म्हणून मराठीतच. पत्रकाचा मजकूर जुन्या फॉन्टमधून उचलून चिकटवू नका. तो वेबसाइटवर निरर्थक अक्षरांत उमटतो, आणि मग त्याचं चित्र करून लावलं जातं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर नीट दिसणाऱ्या मराठीत, नव्याने टाइप करा. पानाच्या शीर्षकात 'ज्वारीचे बिबडे' हेच शब्द ठेवा, 'पारंपरिक चव' नको. शोधणारा माणूस बिबडेच टाइप करतो.