निर्बंध एकाला, सूट दुसऱ्याला: अमेरिकी काँग्रेसच्या हातात काय आहे?

प्रश्न: निर्बंध लावणं आणि उठवणं राष्ट्राध्यक्ष ठरवतात. मग काँग्रेस नुसती बघत बसते का?

कागदावर तरी नाही. 1977च्या कायद्याने राष्ट्राध्यक्ष आणीबाणी जाहीर करून परक्या देशाची मालमत्ता गोठवू शकतात. इराणसाठीची आणीबाणी नोव्हेंबर 1979पासून दरवर्षी वाढवली जाते आहे. अशा आणीबाणीचा दर सहा महिन्यांनी विचार करणं दोन्ही सभागृहांवर बंधनकारक आहे, पण बहुतेक वेळा कुणी विषयच काढत नाही. त्यात 1983च्या चड्ढा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काँग्रेसला परस्पर सरकारचा निर्णय रद्द करता येणार नाही असं ठरवलं; तेव्हापासून सरकारचा निर्णय फिरवणाऱ्या ठरावावर राष्ट्राध्यक्षांची सही लागते. त्यांनी ती नाकारली, तर दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं जमवावी लागतात.

म्हणून 2017चा ‘काट्सा’ कायदा महत्त्वाचा. सिनेटमध्ये तो 98 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झाला. रशियावरचे मोठे निर्बंध सैल करण्याआधी काँग्रेसला लेखी कळवायचं आणि साधारण 30 दिवस थांबायचं, असं त्यात आहे. त्याची कसोटी लागली रुसाल या रशियन अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या प्रकरणात. एप्रिल 2018मध्ये रशियन उद्योगपती ओलेग देरिपास्का आणि त्यांच्या कंपन्यांवर निर्बंध आले आणि जगभर अ‍ॅल्युमिनियम कडाडलं. डिसेंबरमध्ये ट्रेझरीने (अमेरिकेच्या अर्थखात्याने) कंपन्या मोकळ्या करायचं ठरवलं, देरिपास्कांवरचे निर्बंध मात्र ठेवले. प्रतिनिधीगृहाने 362 विरुद्ध 53 मतांनी विरोध केला. सिनेटमध्ये विरोधाला 57 मतं पडली, चर्चा थांबवून पुढे जायला हवी होती 60. कंपन्या सुटल्या.

तरी ती मेहनत वाया गेली असं मी मानत नाही. देरिपास्कांचा हिस्सा निम्म्याखाली आणण्याची अट सरकारला लेखी मांडावी लागली आणि कोणत्या सिनेटरने कुठे मत दिलं हे कायमचं नोंदलं गेलं.

प्रश्न: रशियाची एस-400 ही हवाई संरक्षण क्षेपणास्त्रं घेतल्याबद्दल तुर्कस्तानला शिक्षा झाली, भारताला नाही. हा दुजाभाव नव्हे का?

दुजाभावच आहे, आणि भारतीय म्हणून तो आपल्या पथ्यावर पडला तरी तसंच म्हणायला हवं. रशियाकडून मोठी शस्त्रखरेदी करणाऱ्यांवरही काट्साखाली निर्बंध येतात. त्याखाली सप्टेंबर 2018मध्ये चीनच्या लष्करी खरेदी विभागावर निर्बंध आले. तुर्कस्तानला क्षेपणास्त्रं जुलै 2019मध्ये मिळाली, तरी अमेरिकी सरकार दीड वर्ष चालढकल करत राहिलं. शेवटी काँग्रेसने संरक्षण विधेयकात 30 दिवसांची मुदत घातली. विधेयक मंजूर झालं आणि 14 डिसेंबर 2020ला, त्याचा कायदा होण्याआधीच, निर्बंध जाहीर झाले. भारताबाबत उलटं घडलं: जुलै 2022मध्ये प्रतिनिधीगृहानेच भारताला सूट द्यावी अशी दुरुस्ती मंजूर केली. चीनला रोखायला भारत हवा, हे कारण समजण्यासारखं आहे. पण मग ते रीतसर सूट देऊन नोंदवावं. निर्णयच न घेता वर्षं काढली, तर देखरेख कशावर ठेवायची?

प्रश्न: सूट देण्याची मुभाच काढून टाकली तर?

1998मध्ये तेच होतं. पोखरणनंतर ग्लेन दुरुस्तीप्रमाणे (अणुचाचणी करणाऱ्या देशावर निर्बंध लावणारी अमेरिकी तरतूद) भारतावर आणि मग पाकिस्तानवर आपोआप निर्बंध आले, राष्ट्राध्यक्षांना सूट देता येत नव्हती. पण पाकिस्तान अमेरिकी गव्हाचं मोठं गिऱ्हाईक. शेतकऱ्यांचा बाजार जाणार म्हटल्यावर काँग्रेसने जुलैमध्येच शेतमालाची कर्जं वगळली आणि ऑक्टोबरमध्ये वर्षभराच्या सवलतीचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला. त्यामुळे विसंगतीचं सगळं खापर व्हाइट हाउसवर फोडू नये. सूट असावी, पण तिला मुदत हवी, लेखी कारण हवं आणि सुनावणीत ते कारण तपासलं जावं.

प्रश्न: सरकारने उत्तरच दिलं नाही तर?

असं झालं आहे. सौदी पत्रकार जमाल खशोगींच्या हत्येनंतर ऑक्टोबर 2018मध्ये सिनेटच्या परराष्ट्र समितीने मॅग्निट्स्की कायद्याखाली (मानवी हक्क तुडवणाऱ्या परदेशी व्यक्तींवर निर्बंध लावणारा कायदा) राष्ट्राध्यक्षांना पत्र दिलं. जबाबदार कोण, हे 120 दिवसांत ठरवून कळवायचं होतं. 17 सौदी व्यक्तींवर निर्बंध आले, पण सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्याबद्दलचा निष्कर्ष मुदत संपली तरी कळवला नाही. उत्तर न दिल्यास काय, हे त्या कायद्यात नाही. मग उरतात काँग्रेसची जुनी हत्यारं: खात्याचा निधी अडवणं, नेमणुका रोखून धरणं आणि तुर्कस्तानच्या वेळी केलं तसं, ज्या विधेयकावाचून सरकारचं चालत नाही त्यात मुदत घालणं.