‘स्वाधारचा हप्ता आल्यावर भाडं’ : ही ओळ करारातून काढा

प्रश्न : वकीलसाहेब, मिस्टर गेल्यापासून कोल्हापुरात सागरमाळातल्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं देते. त्यावरच माझं औषधपाणी चालतं. जूनपासून चंदगड तालुक्यातल्या दोघी बहिणी राहतात. थोरली वीस वर्षांची, बी.एस्सी.ला आहे. धाकटी सतराची, अकरावीला. दोघींना समाजकल्याणची ‘स्वाधार’ मंजूर आहे. भाडं महिना चार हजार, डिपॉझिट आठ हजार. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून थोरलीशी करार केला, त्यात ‘स्वाधारचा हप्ता जमा झाल्यावर भाडे देण्यात येईल’ असं लिहिलंय. पहिले दोन महिने वडिलांनी दिले, पुढचे पाच महिने एक रुपया नाही. पुतण्या म्हणतो, लाइट तोड म्हणजे जातील, नाहीतर कूळ लागेल. शेजारच्या बाई म्हणाल्या, असल्या लोकांना ठेवायचंच कशाला. पोरी गुणी आहेत हो, पण माझं कसं भागायचं? समाजकल्याण ऑफिस पैसे थेट माझ्या खात्यावर देईल का? मुलींना नवा करार हवाय. पुतण्या सांगतो त्यात भाडं कमी दाखवा, टॅक्स वाचेल.

उत्तर : काकू, समाजकल्याणचे पैसे थेट तुमच्या खात्यावर येतील का, या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमची सगळी आशा त्यावर टेकलेली दिसते. नाही, पैसे तुमच्या खात्यावर येणार नाहीत. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिची रक्कम विद्यार्थ्याच्या आधारला जोडलेल्या खात्यातच जमा होते. घरमालक या व्यवहारात कुठेच नाही. विचारेमाळावरच्या सामाजिक न्याय भवनात तुम्ही दहा हेलपाटे घातले तरी तिथला अधिकारी तुम्हाला पैसे देऊ शकत नाही. सरकार तुमचं देणेकरी नाही. देणं लागतात त्या मुली, आणि त्या सरकारकडून मदत घेतात म्हणून ते देणं कमी होत नाही की लांबणीवरही पडत नाही.

लांबणीवर पडलंय ते तुमच्याच कागदावरच्या त्या एका ओळीनं. ती वाचून मला मनापासून वाईट वाटलं, कारण ती चांगुलपणानं लिहिलेली आहे. पण भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये कलम ३२ आहे. अनिश्चित घटना घडल्यावर अमुक करीन असा करार असेल, तर ती घटना घडेपर्यंत तो अमलात आणता येत नाही. म्हणजे उद्या तुम्ही दावा लावला, तर समोरचा वकील हीच ओळ दाखवून म्हणेल : हप्ता आला नाही, मग भाडं देय झालंच कुठे? त्याला उत्तर देता येतं. ही पैसे देण्याची सोय होती, अट नव्हती, असं मी तुमच्या बाजूनं मांडीन. पण चार हजारांच्या भाड्यासाठी असा वाद घालायची वेळ तुमच्यावर यावीच का?

आणि समजा हप्ता आला. या योजनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले, त्याखालच्या गटाला ५१,००० आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,०००. यात जेवण, राहणं आणि किरकोळ खर्च हे सगळं आलं. निव्वळ राहण्याचा भाग वरच्या गटात २०,००० आणि ४३,००० च्या गटात १२,००० आहे. अगदी वरचाच आकडा धरला तरी दोघींचे मिळून ४०,००० होतात. तुमचं वर्षाचं भाडं ४८,०००. ज्या पैशाकडे डोळे लावून तुम्ही पाच महिने बसलात, तो वेळेवर आला असता तरी पुरला नसता. वडिलांनी सुरुवातीला दोन महिने भरले, ते त्यांनी ही बेरीज केली होती म्हणूनच असावं. पुढे त्यांचा हात आखडला असेल. त्यांच्याशी फोनवर नको, समोरासमोर बसून बोला.

आता पुतण्याचं. लाइट तोडू नका, नळ बंद करू नका, पोरी गावी गेल्या म्हणून कुलूप बदलू नका. हे तुमच्यासाठीच सांगतोय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरल्या मुदतीपुरती राहण्याची फक्त परवानगी देणारा) करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. ती जबाबदारी मालकाची आहे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय नोंदणी न करण्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे मुली उद्या ‘आम्ही भाडेकरूच’ म्हणाल्या, तर कलम २९ तुमच्यासमोर उभं राहील. त्यात वीज-पाण्यासारख्या आवश्यक सोयी तोडायला मालकाला मनाई आहे. कुलूप बदललंत, तर मुली विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतात. त्या दाव्यात घर कुणाच्या नावावर आहे हे कोर्ट विचारतसुद्धा नाही. आज तुमचे पैसे अडकलेत, लाइट तोडली की तुम्हीच आरोपी व्हाल.

कूळ लागेल ही भीती मात्र मनातून साफ काढून टाका. कूळकायदा १९४८ चा, तो शेतजमिनीचा. १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्यांना जमिनी मिळाल्या, त्या आठवणी आपल्याकडे घराघरात आहेत, म्हणून हा शब्द माडीवरच्या खोलीलाही चिकटतो. खोलीत राहून कुणी कूळ होत नाही. खरा धोका आधी सांगितला तो, बिननोंदणीच्या कराराचा.

शेजारच्या बाईंचं वाक्य तुम्ही पत्रात लिहिलंत. त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही. ‘असल्या लोकांना’ म्हणजे कुठल्या, हे आपण दोघंही जाणतो. भाडं थकलं म्हणून खोली रिकामी करायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. जात पाहून सांगणं हा नाही. अनुसूचित जातीच्या कुटुंबावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं, किंवा तशी धमकी देणं, हा २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्या बाई किंवा गल्लीतली मंडळी दबाव आणू लागली तर त्यांना हे शांतपणे सांगा. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग ज्या गावात निघालं, त्या गावात चंदगडहून शिकायला आलेल्या पोरींना खोली नाकारली जावी, हे मला सहन होत नाही. तुम्ही ती नाकारली नाहीत, याबद्दल तुमचे आभार.

मग करायचं काय? आधी थकबाकी. पाच महिन्यांचे २०,००० होतात. थोरलीकडून आणि वडिलांकडून एका कागदावर लिहून घ्या, की अमुक महिन्यांचं एवढं भाडं देणं आहे आणि ते अमुक तारखांना एवढं-एवढं फेडू. तारखा कॅलेंडरवरच्या हव्यात, हप्त्याच्या नकोत. भाड्याच्या थकबाकीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत संपण्याआधी मिळालेल्या अशा सहीच्या कबुलीनं ती नव्यानं मोजली जाते. डिपॉझिटला इतक्यात हात लावू नका, शेवटच्या हिशेबाला ते राहू द्या.

मग नवा करार, आजच्या तारखेपासून अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स, ऑनलाइन नोंदवलेला. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, म्हणजे तुमच्यासाठी किरकोळ. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. भाडं दर महिन्याच्या अमुक तारखेला देय, एवढंच त्यात लिहा. मुलींना सवलत द्यायची तुमची इच्छा असेल, आणि पत्रावरून ती आहे असं दिसतं, तर दीड हजार दरमहा आणि उरलेलं दर तिमाहीच्या शेवटच्या तारखेपर्यंत, असं ठरवा. स्वाधार हा शब्द करारात कुठेही नको. असा करार हातात असला, की मुदत संपल्यावर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो आणि तरीही खोली सोडली नाही तर दुप्पट दरानं भरपाई मागता येते. जुन्या नोटरीच्या कागदावर हाच रस्ता खडतर आहे.

धाकटीची सही घेऊ नका. अठराच्या आतल्या व्यक्तीचा करार कायद्यानं करारच नसतो. थोरली आणि वडील असे दोघं लायसन्सी म्हणून येऊ देत. धाकटीचं नाव सोबत राहणारी म्हणून लिहा. यामुळे भाड्याची जबाबदारी वडिलांवरही येते आणि तिथेच ती असायला हवी.

भाडं कमी दाखवण्याचा सल्ला अजिबात ऐकू नका. अडीच हजार लिहिलंत तर उद्या कोर्टात अडीच हजारच मागता येतील. घरभाड्याच्या उत्पन्नातून प्राप्तिकरात ३० टक्के प्रमाणित वजावट तशीही मिळते, आणि दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर तुमच्यावर कर बसण्याची शक्यताच कमी. मुलींपैकी कुणी भाडं जास्त दाखवा म्हणालं तरी नकार द्या. स्वाधारची रक्कम शहराच्या गटावर ठरते, भाड्याच्या आकड्यावर नाही. खोटा कागद सरकारी योजनेला लावला तर आयुष्य त्यांचंच नासेल. खरा करार आणि दर महिन्याची पावती मात्र त्यांना वेळेत द्या. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात दिली नसेल तर तीही देऊन टाका.

एवढं करूनही वडील टाळाटाळ करू लागले, तर लेखी नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा. मुली भाडेकरू ठरल्या तर नोटिशीनंतर ९० दिवस गेल्याशिवाय थकबाकीवरून ताब्याचा दावा लावता येत नाही (त्याच अधिनियमाचं कलम १५), म्हणून नोटीस लवकर गेलेली बरी. पुतण्या आता हायकोर्टाच्या सर्किट बेंचचंही नाव काढेल. १८ ऑगस्ट २०२५ पासून ते कोल्हापुरात सुरू झालं याचा मलाही आनंद आहे, पण असले वाद तिथे सुरू होत नाहीत. तुम्ही कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्री म्हणून तुम्हाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो आणि अनुसूचित जातीच्या म्हणून त्या मुलींनाही मिळतो. दावा लावण्याआधीच लोकअदालतीत तडजोड मागता येते. तिथे दोन्ही बाजूंच्या सह्या झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बांधील असतो.

पण तिथवर जायची वेळ येणार नाही असं मला वाटतं. वडील पुढच्या वेळी पोरींना भेटायला येतील तेव्हा आधार कार्ड आणि फोटो घेऊन यायला सांगा. नोंदणी करणाऱ्या माणसाला त्याच दिवशी घरी बोलवा, म्हणजे तुमचा, थोरलीचा आणि वडिलांचा असे तिघांचेही अंगठे एका बैठकीत होतील.