सँड फिल्टरचा बॅकवॉश: पाणी किती जोरात सोडायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेततळ्यावर २४ इंची सँड फिल्टर आहे, रोज दहा मिनिटं बॅकवॉश (पाणी उलटं, खालून वर सोडून वाळू धुणं) करूनही दोन दिवसांत दाब पडतो आणि मोसंबीच्या शेवटच्या ओळींना पाणी पोचत नाही.

दहाची वीस मिनिटं केलीत तरी फरक पडणार नाही, कारण पाण्याचा जोर कमी पडतोय. वाळू उचलली जाऊन कणाला कण घासला तरच शेवाळ सुटतं. ४० सेंमीचा थर निदान ८ सेंमी फुगायला हवा. जोर कमी असला की पाणी एकाच वाटेनं वर येतं, बाकीची वाळू जागची हलत नाही आणि तिचे चिखलाचे गोळे होतात. झाकण उघडून हात घाला, गोळे लागतील. ते काढून टाका, नुसत्या बॅकवॉशनं ते फुटत नाहीत.

आता हिशोब. २४ इंची टाकीचं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर. वाळू ०.७ मिमीची असेल तर चौरस मीटरमागं तासाला ४० घनमीटर धरा, म्हणजे मिनिटाला १९० लिटरच्या आसपास. १ मिमीची असेल तर ५५ घनमीटर, म्हणजे २६० लिटर. मीटर नको, बॅकवॉशचा पाइप २०० लिटरच्या ड्रममध्ये धरा. बारीक वाळूला ड्रम मिनिटभरात, जाडीला पाऊण मिनिटात भरला पाहिजे.

भरत नसेल तर आधी पाइप बघा. बांधावरून चढवलेला, लांब किंवा अरुंद पाइप हेच बहुतेक वेळा कारण असतं. तो आखूड, उताराचा आणि तोंडाशी मोकळा हवा. शेताकडचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तरी पाणी तिकडंच पळतं.

जोर जास्त झाला की वाळू वाहून जाते. पाइपाच्या तोंडाशी चहाची गाळणी धरा आणि बॅकवॉशचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. जाड कण दिसले की थोडा मागं घ्या. नव्या वाळूतली बारीक धूळ आली तर घाबरू नका. हे सेटिंग डिसेंबरात केलं असेल तर मे महिन्यात पुन्हा करा. गरम पाणी पातळ होतं, त्यामुळं वाळू तेवढीच उचलायला वीसेक टक्के जास्त पाणी लागतं. उलट उन्हाळ्याचं सेटिंग थंडीत तसंच ठेवलं तर वाळू जाते, हे फार जण विसरतात.

आणि रोज ठरलेल्या वेळी करू नका. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबाच्या गेजमधला फरक स्वच्छ असतानापेक्षा ०.५ किलोनं (किलो प्रति चौरस सेंमी) वाढला की करा, पाणी नितळ येईपर्यंत.